कॅमेऱ्याआधी पत्र : प्रिन्स अल्बर्ट यांच्या राफाएल संग्रहाविषयी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील राजघराण्यांच्या कलासंग्रहांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. लूट, लिलाव, आहेर आणि वारसा अशा निरनिराळ्या वाटांनी चित्रे राजवाड्यांत कशी पोहोचली, हे लेखकाने थोड्या जागेत चांगले सांगितले आहे. मात्र राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी विंडसर कॅसल या राजवाड्यात, प्रबोधनकाळातील इटालियन चित्रकार राफाएल याच्या कृतींविषयी, उभारलेल्या संग्रहाची बोळवण त्यांनी एकाच परिच्छेदात केली आहे. छायाचित्रणाची कला नवी होती, राजपुत्राला तिचा नाद लागला आणि त्यातून फोटोंचा मोठा साठा जमला, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. त्यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून तिसरी निघत नाही. या संग्रहात कॅमेऱ्याचे काम सर्वांत शेवटी येते. त्याआधीचे काम पत्रांनी झाले, आणि माझ्या मते संग्रहाचे खरे मोल त्या पत्रांनी जुळवून आणलेल्या माहितीत आहे.

प्रथम संग्रह कशाचा होता ते सांगितले पाहिजे, कारण लेखात तेही धूसर राहिले आहे. सुमारे १८५३ मध्ये हे काम सुरू झाले. राफाएलची मूळ चित्रे विकत घ्यावीत असा अल्बर्ट यांचा बेत नव्हता. चित्रखरेदी त्यांना नवी नव्हती. ड्रेस्डेनचे ठसेकार (धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्यावरून कागदावर छापणारे कारागीर) लुडविग ग्रुनर यांच्या मध्यस्थीने त्यांनी १८४० च्या दशकात डूच्चोसारख्या, त्या काळी इंग्लंडमध्ये फारशी मागणी नसलेल्या, जुन्या इटालियन चित्रकारांच्या कृती घेतल्या होत्या. राफाएलच्या बाबतीत हेतू वेगळा होता. या चित्रकाराने अवघ्या ३७ वर्षांच्या आयुष्यात जे काही रंगवले वा रेखाटले, आणि त्याच्या नावावर जे जे सांगितले जाते, त्या प्रत्येक कृतीची प्रतिकृती, मग ती कोरीव ठसाचित्राच्या रूपात असो वा छायाचित्राच्या, एका जागी यावी आणि एकेका कृतीची जडणघडण पहिल्या कच्च्या रेखाटनापासून पुऱ्या चित्रापर्यंत डोळ्यांखाली ठेवता यावी, अशी ती योजना होती. पूर्ण झाला तेव्हा संग्रहात ५,००० हून अधिक प्रतिकृती होत्या.

आता अशी योजना आखणाऱ्यापुढे पहिली अडचण कोणती येते? फोटो कसा काढावा, ही नव्हे. कृती आहे कोठे, ही. १८५३ मध्ये राफाएलच्या कृती रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, पॅरिस, माद्रिद, सेंट पीटर्सबर्ग, लील, ऑक्सफर्ड अशा शेकडो कोसांवर विखुरलेल्या ठिकाणी होत्या, आणि कित्येक रेखाटने तर सरदारांच्या वाड्यांत, कपाटातल्या बासनांत पडून होती. वाटाड्या म्हणून हाताशी एक चांगला ग्रंथ होता. फ्रांकफुर्टच्या श्टेडेल संस्थेतील कलासंग्रहाचे प्रमुख योहान डाव्हिड पासावाँ यांनी राफाएलचे जीवन आणि कार्य यांवर १८३९ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले होते आणि १८५८ मध्ये तिसरा खंड काढला. त्यातील कृतींची यादी हाच विंडसरच्या कामाचा पाया. पण अशी कोणतीही यादी छापून होते त्या दिवसापासूनच जुनी होऊ लागते. मालक वारतो, वारस वाटणी करतात, कर्ज फेडण्यासाठी दोन चित्रे व्यापाऱ्याकडे जातात, आणि यादीतला पत्ता तसाच राहतो.

हे केवढ्या प्रमाणावर घडत असे ते सर टॉमस लॉरेन्स यांच्या संग्रहावरून दिसते. लेखात त्यांचे नाव नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इंग्लंडमधील हे नामांकित व्यक्तिचित्रकार १८३० च्या जानेवारीत वारले तेव्हा त्यांच्याजवळ राफाएल आणि मायकेलँजेलो यांच्या रेखाटनांचा जो साठा होता, त्याच्या तोडीचा संग्रह खाजगी व्यक्तीकडे क्वचितच कधी जमला असेल. तो प्रथम राजाला आणि मग ब्रिटिश म्युझियमला १८,००० पौंडांना देऊ करावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. कोणीही तो घेतला नाही. अखेर सॅम्युएल वुडबर्न या व्यापाऱ्याने तो त्याहून कमी किमतीला उचलला, १८३५ आणि १८३६ मध्ये लंडनमध्ये त्याची प्रदर्शने मांडली आणि मग गठ्ठे फोडून विकायला काढले. राफाएल आणि मायकेलँजेलोच्या रेखाटनांतील एक मोठा वाटा वर्गणी जमवून १८४० च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठासाठी घेण्यात आला. वर्गणीत एकट्या लॉर्ड एल्डन यांचे ४,००० पौंड होते. दुसरा वाटा नेदरलँड्सचे राजे दुसरे विल्यम यांच्याकडे गेला. ते १८४९ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी, १८५० च्या ऑगस्टमध्ये, हेग येथे त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्या लिलावात काही पाने पुन्हा व्यापाऱ्यांच्या हाती आली आणि तेथून निरनिराळ्या देशांत पांगली. म्हणजे पासावाँ यांचा पहिला खंड छापला गेल्यापासून विंडसरचे काम सुरू होईपर्यंतच्या १४ वर्षांत एकाच कपाटातली पाने दोन-दोन, तीन-तीनदा मालक बदलून बसली होती. ती शोधायला कॅमेरा काय कामाचा?

ती शोधण्याचे काम अल्बर्ट यांच्या ग्रंथपालांनी केले. आधी डॉ. एर्न्स्ट बेकर आणि १८५९ पासून कार्ल रूलांड. दोघेही जर्मन, दोघेही चिकाटीचे. बेकर स्वतः छायाचित्रणात तरबेज होते आणि १८५३ मध्ये लंडनमध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या मंडळात होते. रूलांड पुढे वायमारच्या संग्रहालयाचे संचालक झाले. त्यांचा पत्रव्यवहार संग्रहालयांच्या अधिकाऱ्यांशी, खाजगी मालकांशी, ठसाचित्रे विकणाऱ्यांशी आणि छायाचित्रकारांशी चालू असे. दरबारी पत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाखेची मोहोर आणि लांबलचक बिरुदे येतात. पण हे काम कारकुनी जातीचे होते, आणि मी हे कौतुकाने म्हणतो. एखादे रेखाटन यादीतलेच आहे की त्याची नक्कल, हे दूर बसून ठरवायचे तर किती बारीकसारीक गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते ते पाहावे. कागदाची लांबी-रुंदी किती, ते पेनने काढले आहे की काळ्या खडूने की लाल खडूने, पाठीमागे काही काढलेले आहे काय, कडा कातरल्या आहेत काय, आणि जुन्या संग्राहकांच्या खुणा कोठे आहेत. लॉरेन्स यांच्या संग्रहातील पानांवर त्यांच्या नावाच्या दोन आद्याक्षरांचा, शाई न लावता नुसता दाबून उठवलेला, बारीक शिक्का असतो. कागद सरळ समोर धरला तर तो नजरेतून सुटतो, आणि उजेड तिरका पडला की उठून दिसतो. फोटोत तो येईलच याची शाश्वती नाही. तो आहे की नाही, हे मालकाला अगर रखवालदाराला विचारावेच लागते.

राजपुत्राच्या नावाने दारे उघडली हे खरे आहे, आणि तेवढे श्रेय लेखकाप्रमाणे मीही देतो. व्हिएन्नाच्या आर्चड्यूककडची (ऑस्ट्रियन राजघराण्यातील राजपुत्राकडची) रेखाटने, जी आज आल्बर्टिना संग्रहालयात आहेत, ती पाहू द्यावीत अशी विनंती एखाद्या सामान्य अभ्यासकाने केली असती तर उत्तर यायला किती काळ लागला असता कोण जाणे. पण उघडलेल्या दारातून मिळणारे उत्तर खरे असेलच असे नाही. आपल्या भिंतीवरचे चित्र राफाएलचे नसून त्याच्या एखाद्या शिष्याचे आहे, हे स्वखुशीने कळवणारा मालक विरळाच. राजदरबाराकडून विचारणा आली म्हणजे तर मानाचा प्रश्न होतो. त्यामुळे अमुक मालक अमुक म्हणतो, एवढ्यावर न थांबता त्याच रचनेच्या इतर प्रती कोठे कोठे आहेत हे शोधणे आणि सर्वांच्या प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवणे, हाच मार्ग उरतो. या संग्रहात राफाएलच्या निःसंशय कृतींबरोबर वादग्रस्त कृती आणि नकलाही आल्या त्या याच कारणाने. हा संग्रहाचा दोष मानणारे लोक भेटतात. मला तो त्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

देवाणघेवाणीची युक्तीही पत्रांतूनच साधली गेली. विंडसरच्या ग्रंथालयात राफाएलची रेखाटने होतीच. अल्बर्ट यांनी छायाचित्रकार चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन यांच्याकडून त्यांची छायाचित्रे काढवली आणि ती इतर संग्रहांना देऊन त्यांच्याकडील छायाचित्रे मागितली. नुसत्या विनंतीपेक्षा अशा विनंतीला वजन येते, आणि घेणाऱ्याच्या संग्रहातही भर पडते. १८५८ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या आलिनारी बंधूंनी फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि व्हिएन्ना येथील रेखाटनांची छायाचित्रे घेतली, तीही अल्बर्ट यांच्या सांगण्यावरूनच. आलिनारींची पेढी तेव्हा नुकती कोठे नावारूपाला येत होती.

कॅमेऱ्याचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही, पण त्या काळी त्याच्या मर्यादा काय होत्या हे लेखात आले असते तर बरे झाले असते. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव पसरून, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर अंधारी खोली किंवा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या यांचा संसार हलायचा. दिवसाच्या उजेडाखेरीज दुसरा भरवशाचा प्रकाश नव्हता. म्हणून तीनशे वर्षे मिटलेल्या बासनातला कागद काढून उजेडात न्यायला मालकाने राजी व्हायला हवे. नुसते 'पाहू द्या' म्हणण्याहून ही मागणी बरीच मोठी होती. शिवाय ती काच निळ्या रंगाला फार लवकर आणि लाल-पिवळ्याला फार सावकाश प्रतिसाद देई. येशूची माता मेरी हिचा निळा झगा फोटोत फिकट पडे आणि आतला लाल अंगरखा काळवंडून जाई. रेखाटनांत रंगांचा असा गोंधळ नसल्याने ती चांगली उतरत. रंगचित्रांची गत मात्र अवघड होती, आणि व्हॅटिकनच्या दालनांतील भित्तिचित्रांची त्याहून अवघड. म्हणून रंगचित्रे आणि भित्तिचित्रे यांच्यासाठी ठसेकारांवरच भिस्त ठेवावी लागली. राफाएलच्या हयातीत मार्कांतोनियो रायमोंदीने कोरलेल्या ठशांपासून अठराव्या शतकात जोव्हान्नी व्होल्पातोने केलेल्या व्हॅटिकन दालनांच्या मोठ्या ठसाचित्रांपर्यंतचा सारा ऐवज व्यापाऱ्यांकडून हुडकून विकत घ्यावा लागला. विंडसरमध्ये जमला तो नुसता फोटोंचा साठा नव्हता, असे मी म्हणतो ते यामुळे.

अशा शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्यासाठी रोमच्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चमधील दोन चित्रांचे उदाहरण देतो, कारण त्यांतल्या एकाचे छायाचित्र त्याच लेखाबरोबर छापले होते. पोप दुसरे ज्युलियस यांचे व्यक्तिचित्र आणि 'लोरेतोची मादोन्ना' या नावाने ओळखले जाणारे माता-बालकाचे चित्र ही दोन्ही त्या चर्चमध्ये होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका कार्डिनलने, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने, ती तेथून हलवली आणि पुढे ती रोममधील बोर्गेझे घराण्याच्या संग्रहात गेली. तेथून त्यांच्या वाटा फुटल्या. ज्युलियसच्या चित्राच्या अनेक प्रती फिरत होत्या. एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्सची प्रत मूळ मानण्याचा प्रघात होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीला १८२४ मध्ये, तिच्या स्थापनेच्याच खरेदीत मिळालेली प्रत दुय्यम समजली जाई. मादोन्नाचे मूळ चित्र तर हरवले असेच धरले जात होते आणि फ्रान्समधील शांतियीच्या संग्रहातील प्रतीकडे नक्कल म्हणून पाहिले जाई.

हा निकाल लागला तो १९७० नंतर. लंडनच्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, वरच्या रंगाखाली, ११८ हा आकडा सापडला. शांतियीच्या चित्रावर १३३ सापडला. बोर्गेझे संग्रहाच्या १६९३ च्या यादीत ही दोन चित्रे याच क्रमांकांखाली नोंदलेली आहेत. शैलीची पारख, रंगांची तपासणी हे सारे आपापल्या जागी महत्त्वाचे आहेच. तरीही कोण्या कारकुनाने यादी करताना चित्रावर घातलेला आकडा आणि वहीत लिहिलेली एक ओळ यांची गाठ पडली, तेव्हा दोनशे वर्षांचा घोळ मिटू लागला. विंडसरच्या ग्रंथपालांना ही उत्तरे ठाऊक नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. पण कोणती प्रत कोणाकडे, कोठून आली, किती मोठी, हे प्रश्न ते विचारत होते, आणि प्रश्न तेच योग्य होते.

आपल्या पुरवणीत ज्युलियसचे चित्र छापले आहे त्याखाली फक्त 'राफाएल : पोप दुसरा ज्युलियस' एवढेच शब्द आहेत. ते लंडनचे की फ्लॉरेन्सचे, हे वाचकाने कसे ओळखावे? दोन्हींत दाढीवाला थकलेला पोप खुर्चीत बसलेला आहे, दोन्हींत नजर खाली आहे, दोन्हींत हातात रुमाल आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर तर दोहोंत काहीच फरक उरत नाही. लेखकाने मजकुरात हे चित्र नॅशनल गॅलरीत असल्याचे म्हटले आहे, पण सोबतचे छायाचित्र त्याच चित्राचे आहे असे कोठेही सांगितलेले नाही.

अल्बर्ट यांच्या कामाची केवळ स्तुती करून थांबणे योग्य होणार नाही. १८६१ च्या डिसेंबरमध्ये ते वारले तेव्हा काम अर्धवट होते. राणीने ते पुढे चालवण्यास सांगितले आणि रूलांड यांनी सिद्ध केलेली सविस्तर सूची १८७६ मध्ये छापून झाली. मात्र ती खाजगीरीत्या छापली गेली, बाजारात विक्रीसाठी नव्हे. ज्या माहितीसाठी निम्म्या युरोपाला पत्रे लिहिली, ती मूठभर ग्रंथालयांत आणि मानकऱ्यांच्या कपाटांत जाऊन बसली. ज्या अभ्यासकाकडे राजाचे नाव नव्हते आणि ज्याला या सूचीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्यापर्यंत ती सहज पोहोचणार नव्हती. त्याच सुमारास राणीच्या चित्रांचे सर्वेक्षक रिचर्ड रेडग्रेव्ह राजवाड्यांतल्या एकेका चित्राचे माप, अवस्था आणि वर्णन लिहून काढत होते. त्यांचे ३४ हस्तलिखित खंड भरले, पण तेही दप्तरातच राहिले. माहिती गोळा करण्यात जी उदारता दिसते ती वाटण्यात दिसली नाही. हा आक्षेप लेखकाने घेतला असता तर मी बिनतक्रार मान्य केला असता.

सुदैवाने ती अडचण आता बरीच दूर झाली आहे. अल्बर्ट यांच्या जन्माला २०० वर्षे झाली त्या निमित्ताने २०१९ पासून ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्याशी संबंधित हजारो कागद आणि छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहेत. ज्यांना या विषयाची गोडी आहे त्यांनी ती अवश्य पाहावीत. पाहताना केवळ प्रतिकृतींवर नजर न फिरवता त्यांच्या नोंदीही वाचाव्यात.

शेवटी एक विनंती, आणि ती फक्त या लेखापुरती नाही. पुरवणीत कोणत्याही चित्राचे छायाचित्र छापताना ते सध्या कोणत्या शहरात, कोणत्या संग्रहात आहे, कशाने आणि कशावर काढले आहे आणि त्याचे माप काय, एवढे एका ओळीत द्यावे. एकाच चित्राच्या अनेक प्रती असतील तर छापलेली कोणती हे सांगावे, आणि छायाचित्र एखाद्या संग्रहालयाने पुरवलेले असेल तर त्याचेही नाव टाकावे. यासाठी फार जागा लागत नाही, आणि ही माहिती बहुतेक संग्रहालये विनामूल्य देतात. ज्युलियसच्या चित्राबाबतचा खुलासा पुढच्या अंकात छापता आला तर मी आभारी राहीन.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक